शिसपेन्सिल

गेल्या वर्षी श्रावणात मला पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. 'सौम्य' हा डॉक्टरांचा शब्द. ज्याला येतो त्याला तो कितपत सौम्य वाटतो हा वेगळा प्रश्न! वाचा शाबूत राहिली (घरच्यांच्या मते तेवढीच पंचाईत झाली), पायही महिना-दीड महिन्यात ताळ्यावर आला. उजव्या हाताची बोटं मात्र अजून रुसलेलीच आहेत.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. गोड होती, पण कडक. "आजी, रोज कणीक तुम्हीच मळायची आणि रोज एक पान लिहायचं," असा तिचा हुकूम. कणकेचं एक वेळ जमलं, लिहिण्याचं जमेना. बॉलपेन हातातून सटकायचं. मग सुनेने नातीच्या दप्तरातली एक एचबी पेन्सिल आणून दिली. पेन्सिल सहा कोनी असते, बोटांत जरा धरून राहते. मी गॅलरीत बसून पानभर लिहिलं. अर्धा-पाऊण तास लागला असेल. घामाघूम झाले. नात शाळेतून आली, वही हातात घेतली, उजेडाकडे नेली आणि म्हणाली, "आजी, तू लिहिलंयस, का नुसताच हात फिरवलास?"

तिने सहज विचारलं हो. नववीतली पोर, तिच्या मनात काय असणार! पण मला ते वाक्य असं लागलं की मी त्या दिवशी दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. त्याचं कारण नातीला माहीत नाही. ते सांगण्यासाठीच आज बसले आहे, पण वळसा घालून सांगते. मास्तरणीची सवय, जाणार कुठे?

नातीची इंटरमिजिएट ड्रॉईंगची तयारी चालू होती. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहेत. मुलाला चित्रकलेची आवड असो वा नसो, बसवतात. तिच्याकडे पेन्सिलींचा एक पत्र्याचा डबा आहे. ती आत गेली आणि त्यातली एक पेन्सिल घेऊन आली. "ही धर. ही ६बी आहे. हिला दाबावं लागत नाही." मी 'श्री' काढला. काजळाने काढावा तसा काळाभोर उमटला! हात तोच, बोटांतली ताकद तीच, पाच मिनिटांपूर्वीची.

"आजी, तुला माहितेय, एच म्हणजे काय आणि बी म्हणजे काय?" नातीने विचारलं. मी म्हटलं, "बाळ, तुझ्या पणजोबांनी मला हे मी तुझ्याहून लहान असताना शिकवलंय."

माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात होते. आधी ट्रेसर, मग बढती मिळून ड्राफ्ट्समन. ज्यांना कोपरगाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन कालवे निघतात, डावा आणि उजवा. इंग्रजांच्या काळातलं काम. दारणा धरणाचं पाणी नदीने बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून या कालव्यांत वळतं. आमच्याकडे कालवा म्हणत नाहीत, 'पाट' म्हणतात. पाट आला म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून साखर कारखाने आले, आणि कारखान्यांमागून आमच्यासारखे नोकरदारही आले. त्या पाटाच्या चाऱ्या, मोऱ्या, दारं या सगळ्यांचे नकाशे अण्णांच्या कचेरीत निघायचे.

आता घराघरांत संगणक आहेत, त्यामुळे ते काम कसं चालायचं हे सांगायला हवं. आधी जाड कार्ट्रिज कागदावर पेन्सिलीने नकाशा काढायचा. त्यावर ट्रेसिंग क्लॉथ पसरायचं. हे खळ दिलेलं, निळसर झाक असलेलं अर्धपारदर्शक कापड असे. त्यावर काळ्या शाईने खालच्या रेघा गिरवायच्या आणि त्यावरून मग छाप निघायचे. त्या कापडावर पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग पडायचा. पण तेच कापड धुऊन खळ काढली की आत इतकं तलम सुती कापड निघायचं, की कचेरीतल्या लोकांच्या घरी बाद झालेल्या नकाशांचे रुमाल आणि बाळंतविड्यातली झबली असायची. आमच्या घरी त्यातला एकही रुमाल आला नाही. अण्णांच्या मते ते सरकारी कापड होतं. पेन्सिलीचंही तेच. बोटभर उरलेला तुकडासुद्धा ते कचेरीच्या खणात ठेवून यायचे. आई चिडायची. मी शाळेत लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल दुकानातून विकत घेऊन वापरत होते, आणि बाप दिवसभर पेन्सिली तासत होता!

पेन्सिल तासायची ती ब्लेडने. शार्पनरला अण्णा 'पोरखेळ' म्हणत. लाकूड लांबवर सोलून शिसं चांगलं नखभर बाहेर काढायचं आणि मग बारीक सँडपेपरवर घासून त्याला टोक आणायचं. रेघ मारताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते. हे त्यांनी मला शिकवलं तेव्हा मी दहा वर्षांची असेन. पुढे फळ्यावर खडूने नकाशे काढताना मी खडूही तसाच फिरवत असे. बघणाऱ्या मुलांना ती माझी लकब वाटायची.

लहानपणी आमच्याकडे 'पेन्सिल' म्हटलं की पाटीवरची. लाकडाची ती शिसपेन्सिल. पाटीवरच्या पेन्सिलीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर वाईट वाटलं. आपल्या देशात या पेन्सिलींचा मोठा धंदा मध्य प्रदेशातल्या मंदसौरला होता. तो दगड कापताना उडणारी धूळ छातीत जाऊन तिथले कित्येक कामगार तरुण वयात सिलिकोसिसने गेले. आम्ही ती पेन्सिल चोखायचो, खायचो, एकमेकांना मारायचो. असो.

तर शिसपेन्सिल. या शब्दात एक जुनी चूक दडलेली आहे. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, कधीच नव्हतं! सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात एक काळा, चकचकीत, बोटांना काळं करणारा दगड सापडला. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करत, असं सांगतात. लोकांना वाटलं, हा शिशाचाच प्रकार. १७७९ साली शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा कार्बन आहे, आणि पुढे दहा वर्षांनी व्हेर्नर नावाच्या जर्मन पंडिताने त्याला ग्रीक भाषेतल्या 'लिहिणे' या धातूवरून ग्राफाइट हे नाव दिलं. पण तोवर नाव जिभेवर बसलं होतं. इंग्रज अजून लेड म्हणतात, जर्मन लोकांच्या शब्दातही शिसंच आहे, आणि आपणही तीच चूक उचलून तिचं छान मराठी करून टाकलं. बी.ए.ला भाषाशास्त्र शिकवणारे आमचे सर म्हणायचे, शब्द एकदा रुळला की त्याला कुणी दाखला विचारत नाही. 'पेन्सिल' हा शब्दही तसाच. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटं शेपूट. त्यावरून चित्रकाराचा बारीक कुंचला, आणि त्यावरून आपली पेन्सिल. पेनिसिलिनही त्याच घरातलं. त्या बुरशीला कुंचल्यासारखे झुपके असतात ना, म्हणून.

आता एच आणि बी. ग्राफाइट नुसतं वापरलं तर फार मऊ. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक असतात, आणि कागदावर घासलं की वरचे थर सरकून कागदावर बसतात. रेघ म्हणजे दुसरं काही नाही, कागदाने ओरबाडून घेतलेलं ग्राफाइट. १७९५ च्या सुमारास फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध चालू होतं आणि इंग्रजी ग्राफाइट मिळेनासं झालं. तेव्हा कोन्ते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने युक्ती काढली. हलक्या ग्राफाइटची पूड करायची, तिच्यात चिकणमाती मिसळायची, पाणी घालून मळायची, त्याच्या बारीक कांड्या करून भट्टीत भाजायच्या. आजही पेन्सिल अशीच होते. भट्टीचा ताव हजार अंशांच्या आसपास, आणि भाजून झाल्यावर कांडी मेणात मुरवतात म्हणजे ती कागदावर गुळगुळीत चालते. थोडक्यात, आपल्या कुंभाराचंच काम!

यातली मोठी गोष्ट अशी की माती जास्त घातली तर कांडी कडक होते आणि रेघ फिकी, बारीक येते. माती कमी केली तर कांडी मऊ आणि रेघ काळी, जाड. म्हणजे कडकपणा हवा तसा ठरवता येऊ लागला. एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक. एचच्या मागचा आकडा वाढत जाईल तशी पेन्सिल कडक आणि फिकी, बीच्या मागचा वाढेल तशी मऊ आणि काळी. मधोमध एचबी. एचबीत ढोबळमानाने दोन तृतीयांश ग्राफाइट, पाव भाग माती आणि उरलेलं मेण. ९एच घ्याल तर तिच्यात ग्राफाइटपेक्षा माती जास्त निघेल. एचबी आणि एच यांच्यामध्ये एक एफ असते. अण्णांना ती आवडत नसे. "ना धड इकडची ना धड तिकडची," म्हणायचे.

बोहेमियातल्या हार्टमुट कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सतरा प्रतींमध्ये पेन्सिली काढल्या, पिवळ्याधमक रंगाच्या, आणि त्यांना नाव दिलं कोहिनूर! आपल्या गोवळकोंड्याकडच्या हिऱ्याचं. हिरा आणि ग्राफाइट दोन्ही शेवटी कार्बनच, तेव्हा नाव अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. एच म्हणजे हार्टमुट आणि बी म्हणजे त्यांचं बुडवाइस गाव, अशीही एक कथा आहे. पण ही अक्षरं इंग्लंडमधले पेन्सिलवाले त्याच्या आधीपासून वापरत होते. अमेरिकेत आणखी तिसरंच. माझ्या बहिणीचा नातू न्यू जर्सीहून आला होता. तो दुकानात जाऊन 'नंबर टू पेन्सिल' मागू लागला. तिकडे एचबीला नंबर टू म्हणतात. आमच्या नातीच्या शाळेत 'नंबर टू' कशाला म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. पोरगी तासभर हसत होती.

आणि या सगळ्यावर कुणाचा शिक्का नाही बरं का. सोन्याच्या कॅरटसारखं जगभर एकच माप असावं असं आपल्याला वाटतं, पण एका कंपनीची एचबी दुसरीच्या बीइतकी काळी निघते. अण्णांना हे बोटांनी कळायचं. नवी पेन्सिल आली की आधी कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ मारून बघायची आणि मग डोकं हलवायचं, होकाराने किंवा नकाराने. कामाला २एच आणि ४एच. एचबीने फक्त अक्षरं आणि आकडे. बी खात्यात यायचीच नाही. "बी म्हणजे चैन," हे त्यांचं वाक्य.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशाने पहिली जी वस्तू घेतली, ती २बी पेन्सिलींचा एक डझन. बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या. बेटातल्या शुक्राचार्यांच्या देवळात जायचे आणि येताना घाटावर बसून नावा, म्हशी, धुणं धुणाऱ्या बायका असं काहीबाही काढायचे. चित्रं बेताचीच असत. जन्मभर सरळ रेघा मारलेला हात, म्हैससुद्धा मोरीच्या नकाशासारखी यायची.

आता मूळ गोष्ट.

साल १९८६. मी तेव्हा आठवीला भूगोल आणि मराठी शिकवत होते. शाळेचं नाव घेत नाही, चूक शाळेची नव्हती, माझी होती. जुलै संपत आलेला. महाराष्ट्रातल्या नद्यांचा नकाशा वहीत काढून आणायला सांगितला होता. साठ-पासष्ट वह्या. दुसऱ्या दिवशी तासाला वर्गातच तपासत बसले होते. बाहेर आभाळ भरून आलेलं आणि वर्गात दिवे नव्हते. दिवे होते, वीज नव्हती. एका मुलाच्या वहीतलं पान उघडलं, तर वर शीर्षक शाईने नीट लिहिलेलं, 'महाराष्ट्र : नद्या', आणि खाली कोरं पान.

मी त्याला उभं केलं. "नकाशा कुठाय?"

"काढलाय, बाई."

"कुठे काढलाय?"

"तिथंच, बाई."

वर्ग हसला. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. त्या काळी माझा राग नाकावर असायचा, तरुण होते. मी लाल शाईने पानावर भलंमोठं शून्य काढलं, शेजारी लिहिलं 'नकाशा काढलेला नाही, वर खोटे बोलतो', आणि त्याला तासभर दाराबाहेर अंगठे धरून उभं केलं. पाऊस सुरू झाला होता. वळचणीचं पाणी त्याच्या पाठीवर पडत होतं, ते मला दिसत होतं. मी शिकवत राहिले.

वह्या राहिल्या होत्या म्हणून त्या घरी आणल्या. रात्री पुन्हा वीज गेलेली. टेबलाच्या एका कडेला कंदील ठेवून उरलेल्या तपासत होते आणि काय मनात आलं कोण जाणे, त्याची वही परत उघडली. कंदिलाचा उजेड पानावर तिरपा पडत होता. त्या तिरप्या उजेडात पानावर खाचा दिसल्या. नागमोडी. मी पान जवळ घेतलं, लांब धरलं, डोळे बारीक केले. मला चाळिशी लागायला अजून वेळ होता, पण ती दिवसासुद्धा दिसावी अशी रेघ नव्हती. जुन्या केसासारखी फिकी करडी.

अण्णा जेवून खाटेवर बसले होते. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला नाही. पानावरून बोट फिरवलं, आंधळा माणूस वाचतो तसं. म्हणाले, "६एच असेल. नाहीतर ४एच. कुणाचं पोर हे?"

मी नाव सांगितलं. बाप मोजणीवाल्यांबरोबर साखळी धरायला जातो, एवढं मला माहीत होतं. जमीन मोजायची लोखंडी साखळी असते, तिचं एक टोक धरून उन्हातान्हात चालायचं, रोजंदारीवर. अण्णा म्हणाले, "मग बरोबर. मोजणीदाराने तुकडा टाकला असेल, यानं उचलून पोराला दिला."

मग त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला. वहीचं ते पान उलटलं. खालच्या कोऱ्या पानावर वरच्या रेघांचा दाब उतरला होता. अण्णांनी २बी आडवी धरली, अगदी पूर्ण आडवी, आणि पानावरून हलक्या हाताने घासत नेली. वरून खाली, वरून खाली. पान करडं होत गेलं आणि त्या करड्या पानावर पांढऱ्या रेघांचा महाराष्ट्र वर येऊ लागला. आधी कोकणचा किनारा, मग सह्याद्री, मग नद्या. तापी, भीमा, कृष्णा. गोदावरी त्र्यंबकेश्वरपासून निघून पैठण, नांदेड करत पार आंध्रात गेलेली. टोक्याजवळ प्रवरा येऊन मिळाली होती, ती बहुतेक मुलं विसरतात. आणि गोदावरीवर मी न सांगितलेला एक छोटासा गोल, टोक रुतवून काढलेला. त्याच्याजवळ कोपरगाव.

वर्गात त्याच्याइतका बिनचूक नकाशा दुसरा नव्हता.

अण्णा मला काही बोलले नाहीत. फक्त शून्याकडे बोट दाखवून म्हणाले, "लाल शाई खोडता येत नाही ना?" आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली. मी शून्याच्या मागे एक काढून दहापैकी दहा केले. 'खोटे बोलतो' यावर आडव्या रेघा मारल्या. त्याला मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेर बोलावलं, वही दिली, "नकाशा चांगला आहे," म्हटलं आणि माझ्याकडची एक नवी एचबी त्याच्या हातात ठेवली. शिक्षा चाळीस-पन्नास पोरांसमोर केली होती आणि दुरुस्ती केली खोलीच्या दाराआड. "माझी चूक झाली" हे तीन शब्द वर्गासमोर म्हणायचं धैर्य झालं नाही. वर्गावरचा वचक जाईल, असं वाटलं. खरं सांगायचं तर लाज वाटली.

त्याने पेन्सिल घेतली, "बरं, बाई," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेन्सिल माझ्या टेबलावर होती, न तासलेली. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा म्हणले, आपल्याकडं आहे पेन्सिल."

त्यानंतर त्याचे नकाशे मी खिडकीशी नेऊन बघायची. तो दहावीला चांगला पास झाला, एवढं कळलं. पुढे ते लोक वैजापूरकडे कुठेतरी गेले. मी २००८ साली निवृत्त झाले तोवर हजारो वह्या तपासल्या असतील. पान कोरं दिसलं की मी ते तिरपं धरून बघत असे. नव्या शिक्षकांना वाटायचं, बाईंची नजर अधू झाली. बहुतेक पानं खरोखरच कोरी असायची, तेही सांगते. मुलं काही सगळीच साधुसंत नसतात!

नातीला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग आजी, तू सॉरी म्हणालीच नाहीस?" मी म्हटलं, "नाही." ती गप्प बसली. मग माझी सकाळची एचबीची वही उघडली, तिच्या डब्यातली ६बी काढली आणि आडवी धरून खालच्या पानावर घासू लागली. काही उमटेना. मी म्हटलं, "अगं, दाबच नव्हता माझ्या हाताला, खाच कुठून पडणार?" तिने तरी अख्खं पान काळं केलं. हातही काळे, फ्रॉकही काळा. सून ओरडली.

आता मी रोज एक पान ६बीने लिहिते. अक्षर दिसतं, पण मऊ शिसं फार लवकर झिजतं आणि हाताच्या कडेने सगळं पुसटतं. नातीने शिकवलं, तळहाताखाली दुसरा कागद ठेवायचा. तासायला ब्लेड माझ्या हाती कुणी देत नाही, त्यामुळे शार्पनर. अण्णा असते तर बोलले असते. बँकेत मात्र पेन्सिल चालत नाही. तिथली सही अजून जुळत नाही, मागच्या महिन्यात तीन वेळा करावी लागली.

गावातल्या दुकानात ६बी सुटी मिळेना, पूर्ण डबा घ्यावा लागला. त्यातल्या मऊ पेन्सिली मी वापरते, एचबी नातीने नेली. ४एच तेवढी पडून आहे. परवा तिने कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ मारून बघितली आणि पेन्सिल परत डब्यात ठेवली.